हौशी रेडिओ : घरातील पहिले स्थानक

हौशी रेडिओचा परवाना मिळालेल्या व्यक्तीने आपल्या राहत्या जागी कायमचे उभारलेले संदेश पाठवण्याचे व ऐकण्याचे केंद्र. संच, वीजपुरवठा, केबल, अँटेना आणि अर्थिंग ही त्याची पाच अंगे. बाजारात यांपैकी फक्त पहिल्याचीच चर्चा होते आणि नवख्याचे बहुतेक पैसेही तिथेच जातात. प्रत्यक्षात स्थानक चालते ते गच्चीवर, टेबलावर नव्हे. म्हणून निवडीचा क्रम जागा, बँड, अँटेना, केबल आणि शेवटी संच असा ठेवावा. या नोंदीतही तोच क्रम पाळला आहे.

भारतातील पहिले हौशी रेडिओचालक म्हणून कोलकात्याच्या अमरेंद्रचंद्र गुप्तू यांचे नाव घेतले जाते. १९२१ मध्ये ते २जेके या कॉलसाइनने प्रक्षेपण करू लागले. त्यानंतर कित्येक दशके इथली स्थानके घरी जुळवलेलीच होती. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराने मोडीत काढलेले संच आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मिळणारे सुटे भाग यांवर एक पिढी पोसली गेली. ही परंपरा अजून संपलेली नाही. हैदराबादचे अश्हर फरहान (व्हीयू२ईएसई) यांनी आखलेला ‘बिटेक्स’ हा स्वस्त संच आणि त्यावरून निघालेली ‘बिटेक्स ४०’ व ‘मायक्रोबिटेक्स’ ही किट जगभरच्या हौशींनी जुळवली.

भारतात परवाना केंद्रीय दूरसंचार विभागाची वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन शाखा (डब्ल्यूपीसी) देते. १९७८ च्या हौशी सेवा नियमांपासून चालत आलेल्या चौकटीत, वयाची बारा वर्षे पूर्ण झालेल्या कोणालाही परीक्षा देता येते. रिस्ट्रिक्टेड श्रेणीची कॉलसाइन व्हीयू३ ने, तर जनरल श्रेणीची व्हीयू२ ने सुरू होते. अंदमान-निकोबारसाठी व्हीयू४ आणि लक्षद्वीपसाठी व्हीयू७ राखून ठेवले आहेत. जनरल श्रेणीच्या परीक्षेत मोर्स लिपीही येत आली आहे. रिस्ट्रिक्टेड श्रेणीला पॉवरची मर्यादा कमी असते, पण पहिल्या स्थानकाला ती क्वचितच आडवी येते. प्रक्षेपक नुसता बाळगायलाही अधिकृत परवानगी लागते. १९३३ च्या कायद्यात तसे होते आणि २०२३ च्या दूरसंचार कायद्यातही आहे. त्यामुळे ‘आधी संच घेऊ, परीक्षा मग देऊ’ हा बेत बेकायदा ठरतो. परवाना येईपर्यंतचा काळ ऐकण्यात घालवावा. नेदरलँड्सच्या ट्वेंटे विद्यापीठाच्या वेबएसडीआरसारखे रिसीव्हर इंटरनेटवरून घरबसल्या चालवता येतात. कोणत्या वेळी कोणता बँड जागा असतो आणि संभाषण कसे सुरू होते, याची सवय त्यातून आयती होते.

जागेचा विचार करताना पहिला प्रश्न असा : वायर कुठे ताणता येईल? स्वतंत्र घर, अंगण, दोन नारळ किंवा आंब्याचे एखादे उंच झाड असेल तर निम्मे काम झाले. शहरातील फ्लॅटधारकाला गच्चीसाठी सोसायटीच्या कार्यकारिणीची लेखी परवानगी घ्यावी लागते. अर्जासोबत परवान्याची प्रत, अँटेनेचे साधे रेखाचित्र आणि वॉटरप्रूफिंगला भोक पाडणार नाही अशी हमी जोडली की बैठकीतला विरोध बराच मावळतो. दुसरा प्रश्न गोंगाटाचा. एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर, सोलर इन्व्हर्टर आणि लिफ्टचे नियंत्रक यांतून निघणारी खरखर शहरात इतकी असते की दूरचे क्षीण संकेत त्यातच बुडतात. बॅटरीवर चालणारा शॉर्टवेव्हचा साधा रेडिओ घेऊन गच्चीच्या चारही कोपऱ्यांत फिरल्यास सर्वांत शांत कोपरा सापडतो.

बँडची निवड कोणाशी बोलायचे आहे यावर अवलंबून असते. ४० मीटरचा बँड (भारतात ७.० ते ७.२ मेगाहर्ट्झ) हा नवशिक्याचा घरचा बँड म्हणता येईल. जमिनीपासून सुमारे १० मीटर उंचीवर ताणलेली वायर बरीचशी ऊर्जा सरळ वर फेकते, आयनांबर ती खाली परतवते आणि दिवसा तीन-चारशे किलोमीटरच्या परिघात बोलणे होते. मुंबईहून कोल्हापूर, नाशिकहून सोलापूर सहज ऐकू येते. मध्ये सह्याद्री असला तरी फरक पडत नाही, कारण लहरी डोंगरावरूनच येतात. सूर्यास्तानंतर आयनांबराचा खालचा, लहरी शोषून घेणारा डी-थर विरतो आणि हाच बँड हजारो किलोमीटर उघडतो. २० मीटर (१४.० ते १४.३५ मेगाहर्ट्झ) हा मुख्यतः दिवसाचा, परदेशी संपर्काचा बँड आहे. त्यावर जवळचे स्थानक मात्र ऐकू येत नाही, कारण परतणारी लहर त्याच्या डोक्यावरून उडी मारून जाते. १० मीटर बँड सौरडागांच्या अकरा वर्षांच्या चक्रावर नाचतो. चक्र भरात असताना थोड्या पॉवरवरही खंड ओलांडले जातात आणि उतरणीला लागले की बँड दिवसचे दिवस मुका राहतो.

२ मीटरचा व्हीएचएफ बँड (१४४ ते १४६ मेगाहर्ट्झ) गावातल्या गावात बोलण्याचा. इथे लहर जवळपास सरळ रेषेत जाते. अँटेनेची मीटरमधील उंची घेऊन तिच्या वर्गमूळाला ४.१ ने गुणले की रेडिओ-क्षितिजाचे अंतर किलोमीटरमध्ये मिळते. १० मीटरवरच्या अँटेनेला ते सुमारे १३ किलोमीटर येते, तर भोवतालच्या प्रदेशापेक्षा ९०० मीटर उंच असलेल्या डोंगरावरच्या रिपीटरला (संकेत पकडून पुन्हा पाठवणाऱ्या स्थानकाला) सव्वाशेच्या आसपास. कोकणातून देशावर थेट व्हीएचएफ संपर्क का होत नाही आणि घाटमाथ्यावरच्या रिपीटरला एवढे महत्त्व का, ते या दोन आकड्यांत दिसते. मात्र आपल्या भागात रिपीटर चालू आहे की नाही, हे स्थानिक हौशींना विचारूनच व्हीएचएफ संच घ्यावा. बंद रिपीटरच्या भरवशावर घेतलेले संच कपाटात पडून राहतात.

अँटेनेत पहिला मान अर्धतरंग डायपोलचा. १४३ ला मेगाहर्ट्झमधील फ्रिक्वेन्सीने भागले की एकूण लांबी मीटरमध्ये मिळते. ७.१ मेगाहर्ट्झसाठी ती सुमारे २०.१ मीटर, म्हणजे प्रत्येक बाजूस १० मीटरहून किंचित जास्त. घरातल्या वायरिंगची दीड किंवा अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर चालते. प्लास्टिकच्या आवरणामुळे ती थोडी आखूड करावी लागते, म्हणून सुरुवातीला हातभर जास्त ठेवून नंतर कापत यावे. दोन टोकांना उंच आधार नसेल तर मधोमध एक जीआय पाइप उभा करून दोन्ही बाजू उलट्या ‘व्ही’सारख्या खाली आणतात. मधला कोन ९० अंशांपेक्षा लहान होऊ देऊ नये. प्रक्षेपणाच्या वेळी टोकांवर मोठे व्होल्टेज असते, त्यामुळे ती हाताला लागणार नाहीत इतकी उंच बांधावीत. केबल जिथे जोडली जाते तिथे एकास-एक बॅलन किंवा फेराइट कड्यावर केबलचे काही वेढे घातलेली चोक लावतात. ती नसेल तर केबलच अँटेनेसारखी वागू लागते आणि शेजाऱ्यांच्या स्पीकरमधून आपला आवाज येतो. केबल वायरच्या मधोमध नेणे जमत नसेल तर एका टोकाने जोडणारी अर्धतरंग वायर आणि ४९:१ ट्रान्सफॉर्मर हा पर्याय आहे. २ मीटरसाठी तर विकतची अँटेना घेण्याचे कारणच नाही. सुमारे ४९ सेंटिमीटरची एक उभी कांडी, एक एसओ-२३९ सॉकेट आणि खाली तिरप्या केलेल्या चार कांड्या एवढ्यावर उत्तम अँटेना होते.

केबल हा सर्वांत दुर्लक्षित भाग. आरजी-५८ ही बारीक केबल ३० मीटर लांब वापरली तर ७ मेगाहर्ट्झवर सुमारे पाऊणभर ऊर्जा अँटेनेपर्यंत पोचते. तीच केबल १४५ मेगाहर्ट्झवर जेमतेम पाव पोचवते : ५० वॉट निघतात आणि अँटेनेला १२-१३ मिळतात. जाड आरजी-२१३ त्याच ठिकाणी निम्म्याहून थोडे जास्त देते. ऐकण्यातही तेवढाच तोटा होतो. म्हणून व्हीएचएफसाठी जाड केबल, शक्य तितकी आखूड. पावसाळ्यात सांध्यातून आत शिरलेले पाणी केबल कायमची निकामी करते. सांध्यांवर स्वतःला चिकटणारी रबरी टेप गुंडाळावी आणि केबल खिडकीतून आत घेण्याआधी तिला खाली झोळ द्यावा, म्हणजे पाणी तिथेच ठिबकून जाईल. कोकण-गोव्याच्या खाऱ्या हवेत हे काम दर वर्षी मे महिन्यात नव्याने करावे लागते. माकडांवर मात्र कोणतीही टेप चालत नाही.

सर्व जोडून झाल्यावर एसडब्ल्यूआर, म्हणजे अँटेनेकडून किती ऊर्जा परत येते याचे माप, मोजतात. ते १.५ च्या आत आले तर उत्तमच, पण २ आल्यानेही आकाश कोसळत नाही. तेव्हा परत येणारी ऊर्जा फक्त ११ टक्के असते. ३ झाले की २५ टक्के, आणि आधुनिक संच स्वतःला वाचवण्यासाठी पॉवर कमी करू लागतो. १.२ चे १.१ करण्यासाठी शिडीवर चढणाऱ्यांची मात्र हौशींमध्ये कमतरता नाही.

आता संच. संकेताची ताकद दाखवणाऱ्या एस-मीटरवरची एक पायरी म्हणजे ६ डेसिबल, म्हणजेच पॉवर चौपट. १० वॉटच्या संचाऐवजी १०० वॉटचा घेतला तर पलीकडच्या श्रोत्याच्या मीटरवर दोन पायऱ्याही चढत नाहीत. त्यामुळे पॉवर पाहून नव्हे, रिसीव्हर पाहून निवड करावी. २०१६ मध्ये आलेल्या आयकॉम आयसी-७३०० ने संगणकी पद्धतीचा रिसीव्हर आणि पडद्यावर दिसणारा बँड सामान्य हौशीच्या टप्प्यात आणला. यासूचा एफटी-८९१ लहान आणि तुलनेने साधा. जुना संच घेताना तो ५० ओमच्या डमी लोडवर चालवून प्रत्येक बँडवर पॉवर निघते का ते स्वतः पाहावे. मूळ बिल आणि परवान्याची कागदपत्रे नसतील तर सौदा सोडून द्यावा. ज्याला सोल्डरिंग येते त्याने किटपासून सुरुवात करावी, हे या नोंदीचे स्पष्ट मत आहे : बिघडले तर दुरुस्त कसे करायचे ते बांधतानाच कळते.

१०० वॉटचा संच १३.८ व्होल्टवर बोलताना २० अँपिअरहून अधिक खेचतो. म्हणून ३० अँपिअरचा पुरवठा आणि संचापर्यंत जाड, आखूड वायर हवी. स्वस्त एसएमपीएसमधून रेडिओत गुरगुर येते, घेण्याआधी तो चालू करून ऐकावा. जिथे भारनियमन नेहमीचे आहे तिथे १२ व्होल्टची बॅटरी मधे ठेवणे शहाणपणाचे. आणीबाणीत हीच सोय कामी येते.

सुरक्षेच्या बाबतीत मात्र काटकसर नको. अँटेना किंवा तिचा खांब पडला तरी विजेच्या तारेला लागणार नाही इतके अंतर हवे. हा एकच नियम मोडल्याने माणसे मेली आहेत. मीठ-कोळशाच्या खड्ड्यातले अर्थिंग, केबलवर गॅस-ट्यूबचा लाइटनिंग अरेस्टर आणि त्याची घराच्या अर्थिंगशी जोडणी करावी. तरीही वळवाचे ढग दिसताच केबल संचातून काढून घराबाहेर ठेवणे हाच खरा उपाय. पडलेल्या विजेला कोणताही अरेस्टर पुरा पडत नाही.

टेबलावर नोंदवही आणि दोन घड्याळे असावीत : एक भारतीय वेळेचे, दुसरे त्याच्या साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेचे. ज्यांना बोलायला संकोच वाटतो किंवा ज्यांच्या गच्चीवर गोंगाट फार आहे, त्यांच्यासाठी २०१७ मध्ये जो टेलर (१९९३ चे भौतिकीचे नोबेल मानकरी) आणि स्टीव्ह फ्रँके यांनी आणलेली एफटी८ ही पद्धत आहे. संगणकाच्या मदतीने १५ सेकंदांच्या तुकड्यांत चालणारी ही पद्धत कानाला ऐकूही न येणारा संकेत वाचते. ४० मीटरवर ती ७.०७४ मेगाहर्ट्झवर सापडते. पण तिच्यात संभाषण असे नसतेच, फक्त कॉलसाइन, ठिकाण आणि संकेताची ताकद.

१९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर, २००१ मध्ये भूजला आणि डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत अंदमानात हौशींनी संदेशवहन चालवले. आशिया-पॅसिफिक विभागात ४० आणि २० मीटरवर आणीबाणीच्या संपर्कासाठी अनुक्रमे ७.११० आणि १४.३०० मेगाहर्ट्झ या मध्यवर्ती फ्रिक्वेन्सी ठरलेल्या आहेत. त्या संचाच्या मेमरीत पहिल्याच दिवशी भराव्यात आणि एरवीच्या गप्पांसाठी मोकळ्या सोडाव्यात.