२,१४,७४,८३,६४७ : ऑयलरची मूळसंख्या, संगणकाची मर्यादा

दोन अब्ज चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस. दोनचा ३१ वा घात घेऊन त्यातून एक वजा केला की ही दहा अंकी संख्या मिळते. गणिताच्या इतिहासात तिला मानाचे स्थान आहे आणि संगणकांच्या जगात तिची धास्तीही आहे.

ही मूळसंख्या आहे. म्हणजेच १ आणि ती स्वतः यांखेरीज तिला कोणत्याही संख्येने नि:शेष भाग जात नाही. १७७२ मध्ये लिओनार्ड ऑयलर या थोर गणितज्ञाने हे सिद्ध केले. तेव्हा तो सेंट पीटर्सबर्ग येथे होता आणि त्याची दृष्टी जवळजवळ गेलेली होती. या संख्येचे वर्गमूळ सुमारे ४६,३४१ असल्याने तिथपर्यंतच्या साऱ्या मूळसंख्यांनी भागून पाहणे हा सरळ मार्ग होता. मात्र तिचा कोणताही मूळ विभाजक २४८ ने भागल्यास बाकी १ किंवा ६३ च उरली पाहिजे, हे ऑयलरने ओळखले. त्यामुळे हजारो भागाकारांचे काम शंभराच्या आत आले. पुढे १८६७ पर्यंत हीच ज्ञात असलेली सर्वांत मोठी मूळसंख्या होती.

तिला दोनच्या ३० व्या घाताने गुणल्यास २३०५८४३००८१३९९५२१२८ ही 'परिपूर्ण संख्या' मिळते. स्वतःला वगळून उरलेल्या सर्व विभाजकांची बेरीज जिच्याएवढीच भरते, ती परिपूर्ण संख्या. ६ हे तिचे सर्वांत लहान उदाहरण (१+२+३). याहून मोठी परिपूर्ण संख्या कधी सापडणार नाही, असे पीटर बार्लो याने १८११ मध्ये लिहिले होते. १८७६ मध्ये एदुआर्द ल्युका याने ३९ अंकी मूळसंख्या सिद्ध केली आणि ते भाकीत खोटे ठरले.

द्विमान पद्धतीत आपली संख्या म्हणजे ओळीने ३१ एक. ३२ बिटांपैकी एक बिट अधिक-उणे चिन्हासाठी राखला, की उरलेल्या ३१ बिटांत मावणारी ही सर्वांत मोठी संख्या होय. डिसेंबर २०१४ मध्ये 'गंगनम स्टाईल' या गाण्याच्या प्रेक्षकसंख्येने हा आकडा ओलांडला, तेव्हा यूट्यूबला आपला गणक ६४ बिटांचा करावा लागला.

खरी कसोटी पुढेच आहे. अनेक संगणकप्रणाली १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजून वेळ ठरवतात. ही मोजणी ३२ बिटांत असेल, तर १९ जानेवारी २०३८ रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी ती या संख्येवर येईल. पुढच्याच सेकंदाला आकडा उणे होऊन अशा यंत्रांचे घड्याळ डिसेंबर १९०१ मध्ये जाऊ शकते. ६४ बिटांच्या मोजणीला हा धोका नाही. प्रश्न आहे तो कारखान्यांत व उपकरणांत वर्षानुवर्षे न बदलता चालणाऱ्या जुन्या यंत्रांचा. ती वेळीच शोधून सुधारणे, हाच त्यावरील उपाय आहे.