मुंग्यांचे दिवस

सरकार कुठलीही गोष्ट बदलतं ती जनतेच्या सोयीसाठी, आणि ती सोय कळेपर्यंत जनतेची फार गैरसोय होते. १ एप्रिल १९५७ ला रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. चार आण्यांचे पंचवीस पैसे बरोबर आले. पण एका आण्याचे सव्वासहा! तो पाव पैसा वाण्याने सोडायचा की गिऱ्हाइकाने? साठ वर्षांनी हाच घोळ टीव्हीच्या नशिबी आला.

भोर-वेल्ह्याकडे टीव्ही म्हणजे मुळातच डोंगराशी तंटा. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, आणि पुढे सिंहगडावरच्या मनोऱ्यावरून ते पुण्याला दिसू लागलं. या लहरींना सरळ रेषेत जायची सवय, आणि या मुलखात सरळ रेषा मिळणं कठीण. इकडे तोरणा, तिकडे राजगड, मध्ये डोंगरांच्या सोंडा. ज्या किल्ल्यांनी औरंगजेबाला दमवलं, ते लहरींना काय दाद देणार? मग उंच बांबूवर अँटेना, कौलांवर धाकटे चिरंजीव आणि खालून हुकूम : ‘जरा देवळाकडं फिरव... आलं, आलं... गेलं!’ नाहीच आलं तर मुंग्या. त्या मुंग्यांतूनही ओसरीवर बसलेली अर्धी आळी नायक कोणता नि खलनायक कोणता, हे बरोबर ओळखायची.

पुढे केबल आली आणि २०११ साली केबलचा कायदा बदलला. जुनी अ‍ॅनालॉग पद्धत बंद, प्रत्येक टीव्हीला सेट टॉप बॉक्स. मुंबईची पाळी २०१२ ला, पुण्याची ३१ मार्च २०१३ ला. भोरला नगरपालिका म्हणून तिसरा टप्पा, वेल्हे खेड्यात मोडतं म्हणून चौथा. मुदती लांबत लांबत तिसऱ्याची ३१ जानेवारी २०१७ ला आणि चौथ्याची ३१ मार्च २०१७ ला येऊन टेकली. आम्हा बँकवाल्यांना ३१ मार्चचं काय कौतुक? त्या दिवशी संपलेल्या पुष्कळ गोष्टी १ एप्रिलला चालूच असतात.

गोंधळ म्हणाल तर तीन प्रकारचा. केबलवाल्याला वाटे, टीव्हीच भंगारात गेला. छत्रीवाला विचारी, ‘मलापण खोकं घ्यावं लागंल का?’ अँटेनावाला तर विचारायच्याही पलीकडे गेलेला. खरं म्हणजे कायदा फक्त केबलपुरता होता. टीव्ही तोच चालणार होता, छत्री आधीपासूनच डिजिटल होती, आणि अँटेनाला कुणी नोटीसच दिलेली नव्हती.

बॉक्स बसला, तोवर १ फेब्रुवारी २०१९ पासून दराचा नवा नियम आला : शंभर वाहिन्यांना १३० रुपये, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे. पैशाच्या वाहिन्या वेगळ्या. त्या ४० पैशांना द्यायला चालणारं नाणंही उरलं नव्हतं. पंचवीस पैसे २०११ सालीच गेले. वाण्याचा पाव पैसा असा फिरून घरी आला!

अँटेनाची नोटीस शेवटी निघाली. मार्च २०२२ पर्यंत प्रसार भारतीने मोजके सोडून जुने अ‍ॅनालॉग प्रक्षेपक बंद केले. लगेच आवई उठली, दूरदर्शनच बंद! बंद झाला होता फक्त जुना रस्ता. दूरदर्शनची फुकटची छत्री २००४ पासून आहेच.

आता चित्र कसं लख्ख दिसतं. पण दिसलं तर सगळं, नाहीतर काहीच नाही. सिग्नल कमी पडला की पडद्यावर चौकोन, मग अंधार. महिन्याचे पैसे थकले तरी तोच अंधार. आणि वेल्ह्याचा पाऊस काय सांगावा! नावाची छत्री, पण पावसात पहिली माघार तीच घेते. मुंग्या बिचाऱ्या अर्धं तरी दाखवायच्या, उरलेलं आपण मनाने भरून घ्यायचं. आणि त्यांनी कधी कुणाकडे रिचार्ज मागितला नाही.