शहापूर-बेळगावात शिकलेले गोमंतकीय

पणजीहून चोर्ला घाटाने निघालेला विद्यार्थी आज तीन-चार तासांत बेळगावात पोहोचतो. वाटेत त्याला कोणी थांबवत नाही. 1961 पूर्वी हाच प्रवास एका राष्ट्रातून दुसऱ्या राष्ट्रात जाण्याचा होता. आपल्याकडे परदेशी शिक्षण म्हटले की लिस्बन, कुइंब्रा किंवा लंडन आठवते. मात्र गोव्यातील मध्यमवर्गीय घरांतील अनेक मुलांचा पहिला परदेश घाटमाथ्यावरचे बेळगाव हाच होता.

या स्थलांतराचे मूळ गोव्यातील शिक्षणव्यवस्थेत आहे. पणजीचे लिसेव 1854 पासूनचे, तर वैद्यकीय विद्यालय 1842 पासूनचे. लिसेवनंतर वैद्यक सोडून दुसरे काही शिकायचे तर गोव्यात फारसा वाव नव्हता आणि लिस्बनचा खर्च मोजक्यांनाच झेपे. उलट मुंबई विद्यापीठाची मॅट्रिक झालेल्याला मुंबई, पुणे, कराची अशा कोणत्याही शहरात नोकरीची आशा असे. 1910 मध्ये पोर्तुगालात प्रजासत्ताक आल्यावर हिंदूंना शिक्षणाची आणि नोकरीची दारे उघडली, पण उपजीविकेचा ओढा ब्रिटिश हिंदुस्थानकडेच राहिला. म्हणून इंग्रजी शिक्षणासाठी मुले सीमेपार जात. पोर्तुगीज शिकलेल्या मुलाला येथे इंग्रजीची मुळाक्षरे गिरवावी लागत आणि आपल्याहून लहान मुलांच्या वर्गात बसावे लागे. या संकोचाचा उल्लेख चरित्रपर लेखनात क्वचितच येतो, म्हणून येथे मुद्दाम नोंदवावासा वाटतो.

प्रवासाचा मुख्य मार्ग लोहमार्गाचा. मुरगाव ते कॅसलरॉक हा मार्ग 1888 मध्ये सुरू झाला. पुढे लोंढ्याला गाडी बदलून बेळगाव गाठता येई. 1878 च्या इंग्रज-पोर्तुगीज करारामुळे काही वर्षे जकातीची सीमा उठली होती. 1892 मध्ये करार संपला आणि जकातनाके परत आले. कुळे येथे पोर्तुगीज आणि कॅसलरॉक येथे इंग्रज अंमलदार सामान तपासत. घरून दिलेले जिन्नस घेऊन निघालेल्या मुलाची परदेशाशी पहिली ओळख व्हायची ती या तपासणीतच.

शहापुराची गोष्ट याहून वेगळी. बेळगावाला अगदी लागून असलेले हे गाव सांगलीच्या पटवर्धनांच्या संस्थानात होते. संस्थान 8 मार्च 1948 रोजी मुंबई प्रांतात विलीन झाले, तोवर शहापूर आणि बेळगाव यांच्यामधून दोन सत्तांची हद्द जात असे. शहापुरात नातलगांकडे राहून बेळगावच्या शाळेत जाणारा गोमंतकीय मुलगा जन्माने पोर्तुगीज प्रजा, वास्तव्याने संस्थानात आणि शाळेपुरता इंग्रजी राज्यात असे. हातमागाच्या साड्यांसाठी आणि सराफीसाठी प्रसिद्ध असलेल्या या पेठेत गोव्याशी नाते सांगणारी घरे होती. येथील चिंतामणराव हायस्कूलच्या नावात सांगलीकरांची आठवण अजून टिकून आहे.

बेळगावात शाळांची वाण नव्हती. जेझुइटांचे सेंट पॉल्स 1856 पासूनचे. लिंगराज कॉलेज 1933 मध्ये, राजा लखमगौडा लॉ कॉलेज 1939 मध्ये आणि राणी पार्वतीदेवी कॉलेज 1945 मध्ये सुरू झाले. त्याआधी मॅट्रिकनंतर धारवाडचे कर्नाटक कॉलेज किंवा सांगलीचे विलिंग्डन गाठावे लागे.

रुळायला खरा वेळ लागे तो ताटाशी आणि हवेशी. समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटर उंचीवरच्या या गावातली डिसेंबरची पहाट किनाऱ्यावरच्या मुलाला सोसवत नसे. उकड्या तांदळाची पेज आणि ताज्या मासळीचे कालवण यांची सवय असलेल्या जिभेला खाणावळीतली ज्वारीची भाकरी आणि झणझणीत आमटी परकी वाटे. घरी कोंकणी, पुस्तकात मराठी, वर्गात इंग्रजी आणि बाजारात कन्नड, अशा चार भाषा एकाच दिवसात वापराव्या लागत. बेळगावची मराठीही कन्नडच्या हेलाने बोलली जाणारी. हा हेल काही महिन्यांत मुलाच्या तोंडी बसे आणि सुटीत घरी गेल्यावर त्याची थट्टा होई.

तरीही या परदेशाने मुलांना जे दिले ते गोव्यात मिळणे कठीण होते. सालाझारच्या राजवटीत गोव्यात छापील मजकुरावर सेन्सॉरची करडी नजर होती. बेळगावात 1848 पासूनचे सार्वजनिक वाचनालय होते आणि 1919 मध्ये बाबूराव ठाकूर यांनी सुरू केलेले ‘तरुण भारत’ होते. 1924 मध्ये गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन येथेच भरले. 1929 आणि 1946 मध्ये मराठी साहित्य संमेलने झाली. सरकारवर उघड टीका करणारे वर्तमानपत्र चारचौघांत बसून वाचणे, हा अनुभव घेऊन मुलगा घरी परते. सीमेवर झडती होत असे ती त्याच्या पिशवीची.

1955 मध्ये हा मार्ग बंद झाला. सत्याग्रहींवरील गोळीबारानंतर भारताने गोव्याची नाकेबंदी केली आणि रेल्वे थांबली. घरून पैसे येणे, सुटीत घरी जाणे, घरच्या आजारपणात धावून जाणे हे सारे परवान्यांवर अवलंबून राहिले. तोवर जवळ वाटणारा परदेश आता खरोखरच दूर गेला. ज्यांचे शिक्षण याच काळात चालू होते त्यांच्यापुढे दोन वाटा होत्या, परीक्षा अर्धवट सोडून घर गाठणे किंवा घर विसरून परीक्षा देणे. डिसेंबर 1961 मध्ये गोव्यात शिरलेल्या भारतीय सैन्याची जमवाजमव बेळगावातच झाली होती, हाही योगायोग लक्षणीय.

मुक्तीनंतर 1962 मध्ये गोव्यात धेंपे आणि चौगुले महाविद्यालये निघाली, 1985 मध्ये गोवा विद्यापीठ आले आणि कला-विज्ञान शाखांसाठी सीमा ओलांडण्याचे कारण उरले नाही. ओघ वळला तो व्यावसायिक शिक्षणाकडे. 1963 चे जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय आणि 1979 चे गोगटे अभियांत्रिकी महाविद्यालय ही त्याची परिचित ठिकाणे. खोली शोधताना आजच्या विद्यार्थ्याला जकातदार भेटत नाही. मात्र सरकारी कार्यालयात कन्नड अर्जापुढे तो अडखळतो आणि शेजारच्या मराठी दुकानदाराकडून तो भरून घेतो.