ताडी बंद झाली आणि हात थरथरू लागले

१८६९ हे साल आपण गांधीजींच्या जन्माचं म्हणून ओळखतो. त्याच वर्षी बर्लिनमध्ये ऑस्कर लीब्राइख यांनी क्लोरल हायड्रेट हे झोपेचं औषध म्हणून वापरात आणलं. दोन्हींचा काही संबंध नाही, हा निव्वळ योगायोग! पण वर्ध्याच्या माणसाने तो लक्षात ठेवावा. कारण बापूंच्या या दारूबंदीच्या जिल्ह्यात व्यसन सोडायचं म्हणजे निश्चय करायचा, आज सोडली ती सोडली, असंच आपण शिकलो. झोपेच्या गोळ्यांच्या बाबतीत मात्र हाच निश्चय जिवावर बेतू शकतो.

हिंगणघाटवरून जाणारा महामार्ग पांढरकवड्यापुढे पैनगंगा ओलांडून निजामाबादच्या बाजूला जातो. त्या मुलखात ताडी हे कष्टकऱ्याचं रोजचं पेय. झाडं कमी, गिऱ्हाईक जास्त. म्हणून पाण्यात क्लोरल हायड्रेट, डायझेपाम, अल्प्राझोलाम मिसळून 'ताडी' विकली जाऊ लागली. सप्टेंबर २०१५ मध्ये तेलंगण सरकारने या भेसळीवर कारवाई केली. कारवाई योग्यच होती. पण पिणाऱ्यांचं पुढे काय होणार, याचा विचार कुणी केला नव्हता. दोन-चार दिवसांत हात थरथरणारी, असंबद्ध बडबडणारी, झटके आलेली माणसं सरकारी दवाखान्यांत येऊ लागली. मृत्यूच्याही बातम्या आल्या. आपण ताडी पितो एवढंच त्या बिचाऱ्यांना माहीत होतं. गोळ्या खातो हे माहीतच नव्हतं.

वैद्यकशास्त्राला मात्र हे जुनंच होतं. १९५० मध्ये अमेरिकेत लेक्सिंग्टनला हॅरिस इस्बेल आणि सहकाऱ्यांनी काही कैद्यांना महिनोन्‌महिने बार्बिट्युरेट देऊन ते एकदम थांबवलं, आणि बहुतेकांना झटके आले. (असा प्रयोग आज कुणी करू धजणार नाही.) १९६१ मध्ये लिओ हॉलिस्टर यांना लिब्रियमच्या बाबतीतही तेच दिसलं. मेंदूला बाहेरून ब्रेक लावायची सवय झाली की तो स्वतःचा ब्रेक सैल करतो. बाहेरचा काढताच गाडी उताराला लागते.

यावरची वाट इंग्लंडमध्ये न्यूकॅसलच्या प्रा. हेदर ॲश्टन यांनी १९८२ ते १९९४ या काळात आपल्या दवाखान्यात घालून दिली. लवकर उतरणाऱ्या गोळीऐवजी हळू उतरणारं डायझेपाम द्यायचं आणि तेही थोडंथोडं कमी करत न्यायचं. २०२५ च्या अमेरिकी मार्गदर्शक सूचनाही तेच सांगतात: दर दोन ते चार आठवड्यांनी ५ ते १० टक्के कपात. म्हणजे महिने लागतात, कधी वर्षही.

भेसळीच्या मालात किंवा बिननावाच्या गोळीत औषध किती, हेच कळत नाही. म्हणून हा हिशेब घरी मांडू नये. सेवाग्रामचं रुग्णालय असो की जिल्हा रुग्णालय, मानसोपचार विभागात जाऊन काय घेतो, कधीपासून, शेवटचं केव्हा घेतलं, सोबत दारू असते का, हे न लाजता सांगावं. रिकामी पट्टी, पुडी असेल तर बरोबर न्यावी. १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर मराठीतही बोलता येतं. पण झटका आला, भ्रम झाला, तर फोनवर वेळ न घालवता १०८ ची गाडी बोलवावी. आणि घरच्यांनी गोळ्या गुपचूप फेकून देऊ नयेत. डॉक्टरांना भेटेपर्यंत त्या एकदम बंद होता कामा नयेत.