नाइस!

परवा नात शाळेतून आली ती वही आपटतच. इंग्रजीच्या निबंधात तिने सात वेळा 'नाइस' लिहिले होते आणि टीचरने सातही ठिकाणी लाल गोल काढले होते. नाइस डे, नाइस फूड, नाइस पीपल... "आजी, नाइसच्या ऐवजी दुसरे शब्द सांग ना!" मी प्लेझंट, लव्हली, डिलाइटफुल असे चार-पाच सांगितले. मग वाटले, ३४ वर्षे शाळेत शिकवले, निदान एकदा मोठा शब्दकोश उघडून बघावे. बघितला, आणि दोन दिवस त्या एका शब्दातच अडकून पडले.

मित्रहो, तुम्हाला खरे वाटणार नाही, पण 'नाइस' म्हणजे मुळात मूर्ख! लॅटिनमध्ये 'ने' म्हणजे न आणि 'स्कीरे' म्हणजे जाणणे. त्यावरून 'नेस्कियुस', म्हणजे न जाणणारा. आपल्या 'अज्ञ'सारखीच घडण. हा शब्द जुन्या फ्रेंचमधून सुमारे १३०० साली इंग्रजीत आला तो 'बावळट' याच अर्थाने. चौदाव्या शतकातला कवी चॉसर तो त्याच अर्थाने वापरतो. त्या काळी कुणाला नाइस म्हटले असते तर भांडणच झाले असते!

पुढे अर्थ सरकू लागला. बावळट माणूस लाजतो, बुजतो, म्हणून नाइस म्हणजे लाजरा. लाजरा माणूस फार जपून वागतो, म्हणून नखरेल, चोखंदळ. चोखंदळ माणसाची नजर बारीक, म्हणून सोळाव्या शतकापर्यंत अर्थ झाला सूक्ष्म, काटेकोर. सॅम्युअल जॉन्सनचा प्रसिद्ध शब्दकोश १७५५ साली निघाला. त्यातही भर आहे तो बारीकसारीक अचूकपणावर. आपण ज्या 'छान' अर्थाने हा शब्द वापरतो तो अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातला, म्हणजे अवघा अडीचशे वर्षांचा. आणि आला तो सगळ्यांना बाजूला सारून बसला.

तेव्हाच्या जाणत्या लोकांना हे आवडले नाही. जेन ऑस्टिनच्या 'नॉर्दँगर ॲबी' या कादंबरीत (ती तिच्या मृत्यूनंतर, १८१७ च्या अखेरीस आली) हेन्री टिल्नी नायिकेची याच शब्दावरून थट्टा करतो. पुस्तक नाइस, दिवस नाइस, फेरफटका नाइस, बायकाही नाइस! एकच शब्द सगळ्याला, असे त्याचे म्हणणे. नातीच्या टीचरचे तरी दुसरे काय म्हणणे आहे? गंमत अशी की टिल्नीला वाटते, पूर्वी हा शब्द नीटनेटकेपणा आणि नाजूकपणा यांसाठीच असावा. म्हणजे शुद्ध अर्थाचा आग्रह धरणाऱ्यालाही मूळ अर्थ ठाऊक नव्हता!

याच्या उलटा प्रवास 'सिली'चा. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ सुखी, धन्य. जर्मनमध्ये त्याचा भाऊ 'झेलिश' अजून धन्यच आहे. इंग्रजीत मात्र धन्यचा भोळा झाला, भोळ्याचा बिचारा आणि बिचाऱ्याचा मूर्ख. एक शब्द मूर्खपणातून वर चढला, दुसरा धन्यतेतून खाली घसरला. आपल्याकडे 'साहस' पाहा. स्मृतिग्रंथांत साहस म्हणजे बळजबरीचा गुन्हा. आज आपण साहसाबद्दल मुलांना बक्षीस देतो.

समानार्थी शब्दांचा विषय निघाला की पीटर मार्क रोजे यांचे नाव घ्यायलाच हवे. पेशाने डॉक्टर. १८०५ साली त्यांनी स्वतःच्या उपयोगासाठी शब्दांची एक वही केली होती. निवृत्तीनंतर ती वाढवून १८५२ साली 'थिसॉरस' म्हणून प्रसिद्ध केली तेव्हा वय होते ७३! (माझ्या वयाच्या मंडळींनी याची नोंद घ्यावी.) शब्द अकारविल्हे न लावता त्यांनी अर्थांची १००० शीर्षके पाडली. प्रस्तावनेत त्यांनी आपल्या अमरकोशाचा उल्लेख केला आहे, पण त्याची वर्गवारी गोंधळाची आहे असे म्हणून नाकही मुरडले आहे. आमच्या पिढीने अमरकोश पाठ केला तो वर्गवारी न बघताच, त्यामुळे मी वाद घालणार नाही.

हे सगळे वाचताना मला एक मुलगा आठवला आणि पुढे वाचवेना.

१९८३-८४ ची गोष्ट असेल. नववीचा वर्ग, विषय 'माझ्या वडिलांचा व्यवसाय'. त्याच्या वडिलांचे सोनाराचे छोटे दुकान होते. त्याने लिहिले होते की सोनाराचा तराजू फार नाइस असतो. मी तो शब्द लाल शाईने गोल केला, अर्धा गुण कापला आणि वर वर्गात वाचून दाखवला. "काय रे, तराजू छान असतो म्हणजे काय? दागिने घालून बसतो की काय?" वर्ग हसला. तो उभा राहून एवढेच म्हणाला, "बाई, डिक्शनरीत आहे." मी म्हटले, "कुठल्या डिक्शनरीत? उद्या घेऊन ये."

तो दुसऱ्या दिवशी खरेच घेऊन आला. आजोबांच्या वेळचा जाडजूड कोश, धोतराच्या फडक्यात बांधलेला. मी घाईत होते, चाचणीच्या वह्या तपासत होते. "ठेव तिथे, नंतर बघू," म्हटले. ते नंतर काही आले नाही. संध्याकाळी त्याने गाठोडे उचलले आणि घरी गेला. वर्षभर त्याने माझ्या तासाला पुन्हा हात वर केला नाही. तेव्हा मला ते जाणवलेही नाही. जाणवले ते परवा, 'नाजूक, अचूक वजन दाखवणारा' हा अर्थ कोशात वाचला तेव्हा.

त्याला तो शब्द नेमका कळला होता, मला कळला नव्हता. मराठी माध्यमातून बी.ए. होऊन इंग्रजी शिकवताना मनात एक धास्ती असे, की आपले अज्ञान मुलांना दिसेल. ते झाकायला लाल शाई फार सोयीची पडते. गुंडाळलेले ते फडके सोडायला दोन मिनिटे लागली असती.

नातीला मी ही गोष्ट सांगितली. ती म्हणाली, "म्हणजे आजी, तेव्हा तूच नाइस होतीस. जुन्या अर्थाने!" पोरगी बरोबर बोलली.

तो आता पंचावन्नच्या पुढे असेल. कुठे आहे, मला माहीत नाही. त्याचा अर्धा गुण मात्र मी आज इथे परत करते आहे. तराजू नाइसच असतो. आणि तुमच्यापैकी कुणी अजून शिकवत असेल, तर एक सांगणे: मूल पुस्तक घेऊन आले की हातातले काम बाजूला ठेवा आणि ते उघडून बघा.

असो. नातीच्या निबंधात आता सात वेगवेगळे शब्द आहेत. एका ठिकाणी तिने हट्टाने 'नाइस' ठेवला आहे. मीही खोडायला सांगितले नाही.