रायगडला समुद्र आहे, मग स्कूबासाठी मालवणच का?

पेण-रोह्याहून समुद्र जवळ आहे, तरी स्कूबा डायव्हिंगसाठी इथले पर्यटक मालवण गाठतात. कारण आहे गाळ.

रायगडात अडचण काय?
पेणजवळची धरमतर खाडी आणि रोह्याची कुंडलिका नदी गाळ घेऊन समुद्राला मिळतात. गढूळ पाण्यात खाली गेल्यावर फारसं काही दिसत नाही.

मालवणात काय आहे?
सिंधुदुर्ग किल्ला ज्या कुरटे बेटावर उभा आहे, त्याच्या आसपास खडक, प्रवाळ आणि रंगीत मासे आहेत. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झालं. त्यामुळे प्रवाळाला हात लावू नका, त्यावर उभे राहू नका.

पाण्याखाली काय होतं?
१० मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो. कान दुखू नयेत म्हणून खाली जाताना नाक चिमटीत धरून हलकेच फुंकावं लागतं. वर येताना फुप्फुसातली हवा प्रसरण पावते. तेव्हा श्वास रोखून धरला तर फुप्फुसाला इजा होऊन जिवावर बेतू शकतं.

जाण्याआधी लक्षात ठेवा
- सर्दी असेल तर डाइव्ह टाळा.
- दमा किंवा हृदयविकार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.
- प्रशिक्षकाचं प्रमाणपत्र पाहा.
- पावसाळ्यात जाऊ नका.
- डाइव्हनंतर किमान १८ तास विमानप्रवास नको.