माया

कुंडलिकेच्या अलीकडे अष्टमी, पलीकडे रोह्याचा बाजार. बाजारात शिंपी होतेच. पण आजी गाठीची चोळी हातानेच शिवायची. लढाईत कापड महागलं, १९४३ साली सरकारने त्यावर नियंत्रण आणलं. खण वाया घालवणं परवडणारं नव्हतं. जुनी चोळी उसवून तिच्या मापाने ती नवी बेतायची. आधी कच्चा धावदोरा. मग अंगात घालून हात वर करायचे, वाकून बघायचं. काखेत ओढलं की पुन्हा उसव! घाई केलेली मी कधी पाहिली नाही. "लावणीला वाकायचंय मला, बाहुलीसारखं नाय उभं ऱ्हायचं." शिवणीच्या आत बोटभर कापड राखायची, त्यालाच माया म्हणतात. आजीनंतर आईने ती माया उसवली. चोळी तिला अंगाबरोबर बसली.